मँचेस्टर ते इचलकरंजी, व्हाया कापूस

हेडफोन लावा, आज मँचेस्टरला जायचंय. आधीच सांगतो, फुटबॉल नाही. ओल्ड ट्रॅफर्ड मी ट्राममधूनच पाहिलं.

मी इचलकरंजीचा. 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' हे शाळेपासून ऐकत आलोय. त्यामुळे ऑफिसच्या कामानं लंडनला गेलो, तेव्हा तीन दिवस रजा टाकून ओरिजिनल बघायला निघालो.

पहिला दिवस सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियमचा. प्रवेश फुकट. आवारातच १८३० चं लिव्हरपूल रोड स्टेशन आहे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली १८५३ ला! आत 'बेबी' कॉम्प्युटरची प्रतिकृती. मूळ बेबीनं २१ जून १९४८ ला याच शहरात मेमरीत साठवलेला जगातला पहिला प्रोग्रॅम चालवला. १७ इन्स्ट्रक्शन्स, उत्तराला ५२ मिनिटं. मेमरी १२८ बाइट. आजच्या युनिकोडमध्ये मराठी लिहायला गेलात तर जेमतेम चाळीसेक चिन्हं मावतील. मी तिथं बराच वेळ उभा होतो, पण खरा अडकलो कापडाच्या दालनात. धोट्याचा तो आवाज! इतर लोक कान झाकत होते. मला आवाज घरचाच वाटला.

दुसऱ्या दिवशी लिंकनचा पुतळा. हो, अमेरिकेचा लिंकन, मँचेस्टरमध्ये. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली, कापूस थांबला. लँकेशायरच्या गिरण्या बंद, कामगार उपाशी. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेतली आणि गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा कळवला. त्यानं जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर लिहिलं. आता याची दुसरी बाजू बघा. त्याच वर्षांत आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा धो धो वाहिला, सट्टा फुगला. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. तिकडं चुली विझल्या म्हणून इकडं दिवाळी. शाळेत हे दोन वेगवेगळे धडे होते राव, कुणी जोडूनच दाखवले नाहीत.

तिथून रॉयल एक्स्चेंज. एकेकाळचा कापसाचा बाजार, आता थिएटर. वर भावफलकावर १९६८ च्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेथम्स लायब्ररी, १६५३ ची. मार्क्स आणि एंगल्स १८४५ मध्ये जिथं बसून वाचायचे, ते खिडकीजवळचं टेबल बघितलं. मग अँकोट्स. कालव्याकाठी मरेज मिल्स, लाल विटांच्या, १७९८ पासूनच्या. आता आत फ्लॅट्स, आसपास कॉफीची दुकानं. आपलं लोअर परळ आठवतं, फक्त इथं भिंती ठेवल्यात.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचे चोवीस साधे माग आहेत. भंगारात काढायचे का, यावर घरी वर्षभर वाद चाललाय, आणि मी 'काढा' म्हणणाऱ्यांतला. मोबाइल फिरवून इमारत दाखवली, फ्लॅटची भाडी सांगितली. ते बघत राहिले.

"आणि रं, कामगार कुठं गेले?"

मी आजूबाजूला पाटी शोधली. गिरणी कुणी बांधली, कधी बांधली, ते होतं.

"बरं," बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगतो."