बदाम पुन्हा बोलावे का?

ब्रिजच्या टेबलावर माझ्या हातून झालेली एक महाग चूक सांगतो. हातात बदामचे एक्का, राणी, गुलाम, सत्ती, चव्वी. किलवरची राजा-गुलामासह चार पाने, चौकटची राणीसकट तीन आणि इस्पिकची एकटी तिर्री. मी एक बदाम बोललो. समोरून भिडू एक इस्पिक म्हणाले. आता? बदाम मोठे देखणे दिसत होते. दोन बदाम बोलून मोकळा झालो. भिडूंनी पास म्हटले. त्यांची पाने खाली आली, तर बदामची नुसती दुर्री! आणि किलवर चांगली चार. दोन हात कमी पडले. घरी जाताना ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तोच रंग पुन्हा बोलला की भिडू सहा पाने धरतो. सहा असली आणि त्याची दोन निघाली, तर बाहेर पाचच उरतात. ती तीन-दोन पडण्याचा संभव शेकडा 68. पाचच असली, तर बाहेरची सहा तीन-तीन पडण्याचा संभव शेकडा 36 च्या आसपास. म्हणून दोन किलवर म्हणावे. भिडूला बदाम हवे असतील, तर त्याच पायरीवर तो परत येतो.

मात्र पाच चौकट आणि चार बदाम असले, तर दोन बदाम बोलून आपण भिडूला तिसऱ्या पायरीवर ढकलतो. तेरा गुणांच्या हाताला हे परवडत नाही. तिथे पाचच चौकट असली तरी नाइलाजाने तीच पुन्हा बोलावी लागते.