रात्री नऊला नेट का रांगतं?

सातारा-सांगलीकडे घरून काम करणाऱ्यांचा परदेशी क्लायंट नेमका रात्री नऊला कॉल लावतो. तेव्हाच नेट रांगतं. कॉल रोज तुटायला लागला, तर कंपनी म्हणणार, पुण्यात येऊन राहा!

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण लाईन सामायिक. केबलवाल्याकडे जीपॉन फायबर असेल, तर एका पोर्टचे साधारण २.५ जीबीपीएस बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांना १००-१०० विकले की झाले ६.४! ही फसवणूक नाही बरं का, सगळे एकदम डाउनलोड करत नाहीत. अपलोडला तर प्रत्येक घराला पाळी असते, कॅनॉलच्या पाण्यासारखी, फक्त मिलिसेकंदाच्या आतली.

खरी गोम वर असते. ऑपरेटर पुढून जी बँडविड्थ विकत घेतो, तीच कमी पडते. ट्रायच्या २००६ च्या नियमांत गर्दीच्या वेळीही लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत ठेवायची अट होती.

म्हणून आधी लॅन केबल लावून पहाटे आणि रात्री नऊला स्पीड मोजा. लॅपटॉप नसेल तर फोन राऊटरजवळ धरा. पहाटे ९५ आणि रात्री १२ आलं, तर नव्या राऊटरवर पैसे घालू नका. स्क्रीनशॉट दाखवून केबलवाल्या दादांना विचारा, "वरून किती घेता, आणि किती घरांना वाटता?"