घरच्या घरी फिल्म धुताना



आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात मे महिन्यात दुपारी नळ सोडला, तर गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. कृष्णधवल फिल्म घरी धुऊ पाहणाऱ्याची खरी अडचण ही आहे. काळोखाचे काय, तो मिळतो. रात्री मोरीचे दार लावावे, फटीत चिंध्या कोंबाव्या आणि गोधडीखाली हात घालून फिल्म डब्यातल्या चक्रीवर चढवावी. तांबडा दिवासुद्धा नको. हल्लीच्या बहुतेक फिल्मला तांबडा उजेडही लागतो. डब्याचे झाकण बसले की पुढचे सारे काम दिवा लावून करता येते.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणला, तेव्हा दादरच्या घरी फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाईंचा हात होता. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला हे काम लवकर साधते, असे मला वाटते. माप, वेळ आणि ऊब सांभाळायची, एवढेच.

नेहमीच्या डेव्हलपरला एक लिटर पाण्यात मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5 आणि टाकणखार 2 ग्रॅम लागतो. मेटॉल आधी विरघळवावे. काहींच्या कातडीला ते सोसत नाही, म्हणून हातमोजे घालावेत. 20 अंशांना जी फिल्म 8 मिनिटांत होते, ती 24 अंशांना साडेपाच-सहा मिनिटांतच होते. त्याहून ऊन पाण्यात घड्याळाचा भरवसा उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, वर्गात सांगतही होतो. तरी चुकलो. वडील गेल्यावर त्यांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एक रीळ निघाले. बारा चित्रांचे. मला धीर निघाला नाही. परातीत बर्फ घालून डेव्हलपर गार केला, हायपो गार केला, आणि शेवटच्या धुण्याला मात्र सरळ नळ सोडला! जिलेटिनचा थर सायीसारखा सुटला नि मोरीत वाहून गेला. दोन चित्रे उरली. एकात आई तुळशीपाशी पाठमोरी उभी आहे. उरलेल्या दहांत काय होते, ते ती मला आजही विचारते.

तेव्हापासून धुण्याचे पाणीही मी आदल्या रात्री माठात भरून ठेवतो आणि सगळी पाणी दोन-तीन अंशांच्या फरकात राखतो.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक सुचवतो. हायपोचे खडे, लिटरला 250 ग्रॅम, पाण्यात टाकून मुलांना भांड्याला हात लावू द्या. भांडे गार पडते! थर्मामीटर लावून किती अंश उतरले ते फळ्यावर लिहा. मात्र वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. तो विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. बरणीत साठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा.