वक्ती कोण, आणि तिची ओळख कशी?

(मांजरी बुद्रुक येथील स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

मी इथे मांजरीतच राहते आणि वेबसाइट बांधण्याचे काम करते. इकडे मगरपट्टा, नदीपलीकडे खराडी. आपल्या भागातल्या कितीतरी मुली तिथल्या काचेच्या इमारतींत हेच काम करतात. घरची कर्जे फेडतात. पण या क्षेत्राच्या परिषदा भरतात तेव्हा व्यासपीठावर त्या फारशा दिसत नाहीत. असे का, हे मला वक्ते निवडणाऱ्या समितीत बसल्यावर कळले. त्यात माझीही एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

या परिषदा बहुधा कंपन्यांच्या नसतात. रोज हे काम करणारे लोकच स्वतःचा वेळ घालून त्या भरवतात. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या आयआयटीत ड्रुपालकॉन आशिया झाली, 2017 मध्ये आपल्याकडे पायकॉन पुणे झाली. तिथे बोलून पैसे मिळतातच असे नाही, पण नाव होते. त्या नावावर पुढची नोकरी मिळते, बढती मिळते. म्हणून कोणाला बोलवायचे हा प्रश्न साधा नाही.

काही वक्त्यांना आमंत्रण जाते. बाकीच्यांकडून प्रस्ताव मागवतात: विषय, थोडक्यात आशय, स्वतःविषयी चार ओळी. समिती त्यांना गुण देते.

पहिल्या वर्षी समितीत मी एकटी बाई होते. आमंत्रितांची यादी अर्ध्या तासात झाली. ‘तो छान बोलतो’, ‘हा आपल्या ओळखीचा आहे’. कोणी बायकांना मुद्दाम वगळले नाही, कोणाला त्या आठवल्याच नाहीत. मी विचारले तर उत्तर आले, ‘बायकांचे प्रस्तावच येत नाहीत, आम्ही काय करणार?’ प्रस्ताव खरेच एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण आमचे आवाहन फिरले कुठे? संध्याकाळी सातनंतर जमणाऱ्या मित्रमंडळींत. त्या वेळी आमच्या मैत्रिणी बसच्या रांगेत किंवा गॅसपाशी.

ही रीत संगणकाने आणलेली नाही. मराठी लेखकांचे पहिले संमेलन 1878 साली पुण्यात भरले. अध्यक्षपदी पहिली स्त्री, कुसुमावती देशपांडे, 1961 साली ग्वाल्हेरला आल्या. 2025 च्या दिल्लीच्या संमेलनापर्यंत 98 संमेलने झाली, त्यांत स्त्री अध्यक्ष सहा. बायका लिहीत नव्हत्या, असे कोण म्हणेल?

हे बदलता येते. पायथन ही संगणकाची भाषा वापरणाऱ्यांची अमेरिकेत पायकॉन भरते. तिथे 2011 साली स्त्रियांची भाषणे शंभरात एक होती. 2014 पर्यंत ती एकतृतीयांश झाली, 2016 साली शंभरात चाळीस. जेसिका मॅकेलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी बायकांना एकेक करून गाठले आणि सांगितले, ‘तू प्रस्ताव पाठव.’ बर्लिनच्या जेएसकॉन परिषदेने 2012 साली असेच सांगून प्रस्ताव मागवले आणि निवडताना नावे झाकली. वक्त्यांत स्त्रिया एकचतुर्थांश झाल्या. याच्या उलटही घडते. 2023 साली डेव्हटर्निटी या परिषदेच्या वक्त्यांच्या यादीत अस्तित्वातच नसलेल्या बाईचे नाव सापडले. खऱ्या वक्त्यांनी अंग काढून घेतले आणि परिषद रद्द झाली. खरी बाई शोधण्यापेक्षा खोटी लिहिणे सोपे वाटावे, याला काय म्हणायचे?

पुढच्या वर्षी मीही फोन केले. बहुतेकींचे उत्तर एकच, ‘मला एवढे कुठे येते?’ एका मैत्रिणीने खेड्यातल्या साध्या मोबाइलवर, रेंज कमी असतानाही उघडेल अशी वेबसाइट केली होती. ती म्हणाली, ‘त्यात सांगण्यासारखे काय आहे?’ मी म्हटले, ‘जिथे अडलीस आणि जसा मार्ग काढलास, तेवढेच लिही.’ तिने लिहिले. पहिल्या फेरीत आम्ही नावे झाकली होती. तिच्या प्रस्तावाला सर्वांत जास्त गुण मिळाले.

आता माझी चूक. वक्त्यांची ओळख मी करून देत होते. तिच्या आधीच्या गृहस्थांविषयी मी त्यांचा अनुभव, त्यांनी बांधलेल्या गोष्टी आणि विषयाचे महत्त्व सांगितले. तिच्याविषयी म्हटले, ‘दोन लहान मुलांची आई, घरसंसार सांभाळून इथवर आलेली आपली हसतमुख मैत्रीण.’ टाळ्या पडल्या. मला बरे वाटले. भाषणानंतर पहिला प्रश्न आला, ‘घर आणि काम कसे जमवता?’ दुसराही तसाच. तेवढ्यात वेळ संपली. आधीच्या गृहस्थांनाही दोन मुले होती. त्यांना हे कोणी विचारले नाही. चहाच्या वेळी ती म्हणाली, ‘ताई, मी काय बांधले ते तुम्ही सांगितलेच नाही.’ दार उघडायला मी महिने घालवले होते आणि एका वाक्यात ते पुन्हा लोटून घेतले होते. दुसऱ्या वर्षी तिने प्रस्ताव पाठवला नाही.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. मुदत संपण्याआधी प्रत्येक सभासदाने निदान दोघींना स्वतः विचारायचे. पहिल्या फेरीत नावे झाकायची. ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांना हेच उत्तर आहे. आमंत्रितांची यादी ओळखीवर सोडायची नाही. मराठी-हिंदीतही बोलू द्यायचे, कारण इंग्रजीच्या धास्तीने कितीजणी मागे राहतात. लांबून येणारीला शेवटची वेळ द्यायची नाही. ओळख लिहून काढायची आणि तिला आधी दाखवायची. त्या ओळखीत बाईच्या जागी पुरुषाचे नाव घालून वाचायचे. हसू आले तर ते वाक्य काढायचे.

मी तिची माफी मागितली. यंदा ती पुन्हा आली. ओळख तिनेच लिहून दिली, तीन ओळींची. मी ती जशीच्या तशी वाचली. प्रश्न आले ते तिच्या कामावर.

मैत्रिणींनो, आठ मार्चला आपणही पाहुण्या बोलावतो. यादी करताना कोणाची नावे पटकन सुचतात, ते एकदा बघा. आणि ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ म्हणण्याआधी तिलाच विचारा, ‘बाई, तुमच्याविषयी काय सांगू?’