इमारतीची परीक्षा
(महोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं जुनें सभागृह पाडून नवें बांधावें व त्यास ‘हरित इमारती’चें प्रमाणपत्र मिळवावें, अशी सूचना पुढें आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतु स्तुत्य आहे. परंतु बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हें शुभवर्तमानांतील शहाणपण आपण जाणतां. तेव्हां ह्या प्रमाणपत्रानें काय सिद्ध होतें, तें प्रथम पाहूं.

इमारतींना गुण देण्याची ‘ब्रीम’ नांवाची पद्धति इंग्लंडांत १९९० सालीं सुरू झाली. अमेरिकेंतील ‘लीड’ पद्धति २००० सालापासून सर्वांस खुली झाली. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्रास २००३ सालीं लीडची सर्वोच्च ‘प्लॅटिनम’ श्रेणी मिळाली. आपल्या देशांत ‘टेरी’ ह्या संस्थेनें केंद्र सरकारच्या साह्यानें ‘गृह’ ही पद्धति तयार केली. तींत एकापासून पांचपर्यंत तारे मिळतात.

परीक्षेची रीत शाळेसारखीच आहे. जागेची निवड, पाण्याची बचत, विजेचा वापर, बांधकामाचें साहित्य व आंतील हवा ह्या विषयांचे गुण ठरलेले असतात. कांहीं अटी सक्तीच्या असतात. त्या मोडल्यास बाकीचे गुण व्यर्थ. लीडमध्यें ११० पैकीं ४० गुणांस प्रमाणपत्र व ८० गुणांस प्लॅटिनम श्रेणी मिळते.

आतां खरें मर्म ऐका. नव्या इमारतीच्या विजेचे गुण बहुधा संगणकावरील अंदाजावरून ठरतात. साध्या रीतीनें बांधल्यास किती वीज लागली असती व ह्या नकाशाप्रमाणें किती लागेल, ह्यांची तुलना करितात. म्हणजे हे गुण वचनास मिळतात. आचरण पुढें व्हावयाचें असतें. खिडक्या लावून दिवसभर थंड हवेचीं यंत्रें चालविलीं, तर भिंतीवरची पाटी वीज वांचवीत नाहीं.

म्हणूनच ऑस्ट्रेलियांतील ‘नेबर्स’ पद्धतींत बारा महिन्यांचा प्रत्यक्ष वापर मोजून तारे देतात, आणि ते एका वर्षापुरतेच असतात. आपल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनेंही २००९ सालीं कचेऱ्यांच्या इमारतींसाठीं अशीच योजना काढली. तींत दर चौरस मीटरमागें वर्षास किती युनिटें जळालीं, हें पाहतात.

दुसरी गोष्ट जुन्या सभागृहाची. सिमेंट व पोलाद तयार करितांना अपार कोळसा जळतो. आपल्या जुन्या भिंतींसाठीं जें जाळावयाचें, तें पूर्वींच जाळून झालें आहे. त्या पाडल्या, तर तो खर्च वायां जाऊन नवा माथीं बसतो. जुनें बांधकाम राखल्यास ह्या परीक्षांतही गुण मिळतात. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत इमारतींच्या बांधणीबरोबर दुरुस्तीचाही उल्लेख केला आहे, हें येथें ध्यानांत घ्यावें.

ह्यास्तव माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, जाणत्या इंजिनियराकडून जुन्या सभागृहाची तपासणी होईपर्यंत एक कौलही काढूं नये. दुसरी, बांधणें अटळच ठरलें, तर लांब भिंती उत्तर-दक्षिणेस, रुंद पडव्या, समोरासमोर खिडक्या व पावसाच्या पाण्यासाठीं टांकी, ह्यांची तरतूद आधीं करावी. प्रमाणपत्राच्या फीचा विचार मागाहून. तिसरी, दरवर्षीं सभागृहाचें विजेचें व पाण्याचें बिल धर्मग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखवावें.

ह्या वर्गणींत मोलमजुरी करणाऱ्या घरांचाही पैसा आहे. आपण त्याचा विनियोग कसा केला, हें पुढील महोत्सवास जमणारी आपलीं मुलें तीं बिलें पाहूनच ठरवतील. परमेश्वर आपणां सर्वांस सुबुद्धि देवो.