खोलीत माणसं असताना मोजा
(महाळुंगे येथे मिशनच्या सहाय्यकांपुढे केलेले भाषण)



आपल्या पाड्यांवरची मुलं इथे कारखान्यांत कामाला येतात, तेव्हा कुठे राहतात हे तुम्ही पाहिलं आहे. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, आत चौघे. रात्रपाळीचे परततात तेव्हा दिवसपाळीचे निघतात, त्यामुळे खोली रिकामी अशी नसतेच. एका खोलीत मी विचारलं, "खिडकी का रे लावून घेता?" मुलगा म्हणाला, "ताई, डास येतात. आणि मोबाईल जातो." आता यावर काय बोलणार? खरंच आहे ते.

पण हिशेब ऐका. एवढ्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. खोली अगदी घट्ट बंद असेल, तर चौघांच्या श्वासाने एका तासातच त्यात १७०० ची भर पडेल. खऱ्या खोलीला फटी असतात, म्हणून आकडा एवढा चढत नाही. किती चढतो, त्यावरून बाहेरची हवा किती आत येते ते कळतं. माक्स फोन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यतज्ज्ञाने १८५८ मध्ये १००० ही मर्यादा सांगितली होती. ती आजही उपयोगी पडते.

एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नाही. दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेतो, याची ती खूण आहे. क्षयरोग पसरतो तो याच हवेतून, म्हणून मला काळजी वाटते. पेरूमधल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांत हाच वायू खोलीत सोडून तो किती वेळात ओसरतो ते मोजलं गेलं. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दारं-खिडक्या उघडल्या की तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती. यंत्रांनी हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारती सगळ्यांत सरस ठरल्या!

मोजायचं ते माणसं झोपलेली असताना. दुपारी रिकाम्या खोलीत मोजून समाधान मानू नका. मीटर आधी अंगणात ठेवा, ४२० च्या जवळ दाखवतो का बघा. मग आत, तोंडापासून हातभर तरी लांब. बाजारातले काही स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वासांवरून अंदाज छापतात. 

एक गोष्ट मात्र या मीटरला दिसत नाही : धूर. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं. खिडकी बंद, आत कॉइल, शेजारी झोपलेली मुलं. त्यासाठी कणांचा वेगळा मीटर लागतो.

म्हणून मी आज पंखे मागायला आलेली नाही. खिडकीला गज आणि डासांची जाळी द्या. गज असले की मोबाईल राहतो, जाळी असली की कॉइल लागत नाही, आणि मग खिडकी रात्रभर उघडी ठेवायला मुलांची हरकत नाही. सुरुवात त्या मुलाच्या खोलीपासून करू. जाळी बसवण्याआधी एक रात्र आणि बसवल्यावर एक रात्र मीटर तिथे ठेवायचा, आणि दोन्ही आकडे त्यालाच वहीत लिहायला सांगायचे.