हजारी मागता, तर पान पुरं द्या
(सोलापूर येथील शिक्षक-साहित्यिक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



उद्घाटक गेले. त्यांना पुढचा कार्यक्रम होता. ते उशिरा आले, शिक्षकांच्या वक्तशीरपणावर बोलले आणि लवकर गेले. कारखान्यात कामगाराची उत्पादकता मोजतात, बँकेत कारकुनाची मोजतात, मग सरकार ज्याला एवढा पगार देतं त्या मास्तराची का मोजू नये, असा त्यांचा सवाल होता. तुमच्यापैकी कोणी टाळी वाजवली नाही. मी वाजवली. मोजावी हे मला मान्य आहे. कशी मोजायची, कोणी मोजायची आणि काय वगळून मोजायची, इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. ते तुमच्याशीही आहे, तेव्हा अध्यक्षीय भाषण म्हणजे जेवणाआधीची डुलकी असं समजून कोणी खुर्चीत मागे सरकू नये.

उत्पादकता मोजणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना बाहेरून येऊन शिकवायला नको. आपल्या शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरांच्या आया विड्या वळतात. मजुरी हजारावर. पान आणि तंबाखू मोजून मिळते, विड्या मोजून घेतल्या जातात, छाट काढून बाजूला टाकली जाते. या बायांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पान कमी येतं, फाटकं येतं, पण हजारी पुरी भरून द्यावी लागते. कमी पडलेलं पान पदरच्या पैशानं आणायचं. शिक्षण खात्याचं तुमच्याशी नेमकं हेच चाललं आहे. तुमचं पान म्हणजे वेळ.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं झालं पाहिजे, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास, असं त्याच्या परिशिष्टात आहे. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं, की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणेतर काम देऊ नये. मतदार याद्यांसारखं काम द्यायचंच तर सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलं होतं. कायदा झाला, निकाल झाला. आणि २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी हातात मोबाइल घेऊन दारोदार कोण फिरत होतं? मतदार याद्यांचं, बीएलओचं बारमाही काम कोणाच्या गळ्यात आहे? खिचडी किती मुलांनी खाल्ली हे रोज ॲपवर कोण भरतं? वर व्हॉट्सॲपवर सकाळी साडेअकराला येणारं ते पत्र: ‘माहिती आज बारा वाजेपर्यंत विनाविलंब सादर करावी.’ वर्गात तेव्हा भागाकार चाललेला असतो. भागाकार थांबतो, माहिती जाते. तीच माहिती गेल्या महिन्यात गेलेली असते, आणि मागच्या वर्षी दुसऱ्या पोर्टलवर.

राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेनं २०१८ मध्ये शिक्षकांच्या वेळेचा हिशेब मांडला. शाळेच्या वर्षभरातल्या तासांपैकी प्रत्यक्ष शिकवण्यात जाणारा वाटा निघाला १९.१ टक्के. पाच तासांतला एक तासही पुरता नाही! उत्पादकता काढताना कामाला वेळेनं भागतात, एवढं अर्थशास्त्र मलाही कळतं. इथे वेळ खातं घेणार, काम शिक्षकाकडे मागणार आणि उत्तर कमी आलं की शिक्षक कामचुकार म्हणणार.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, २०१६ च्या नोव्हेंबरात आदेश निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढावी आणि ती ‘सरल’ पोर्टलवर चढवावी. गळती रोखण्यासाठी. तो आदेश पुढे बासनात गेला, पण ज्या डोक्यातून तो निघाला ते डोकं शाबूत आहे. त्या डोक्याला फोटोत दिसलं तेच खरं वाटतं. शाळेची रंगवलेली भिंत फोटोत येते. कालपर्यंत ‘ब’ आणि ‘व’ यांत गडबडणारी पोरगी आज एक ओळ सलग वाचते, हे फोटोत येत नाही.

आता उद्घाटकांनी सुचवलेला निकालावर पगार. ही कल्पना नवी आहे असं त्यांना वाटत होतं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो या गृहस्थानं १८६२ मध्ये ती अमलात आणली. निरीक्षक येणार, पोरांची वाचन-लेखन-अंकगणिताची परीक्षा घेणार आणि किती पोरं उतरली त्यावर शाळेचं अनुदान ठरणार. मास्तर हुशार निघाले. त्यांनी पुस्तकच पोरांकडून तोंडपाठ करून घेतलं. मॅथ्यू अर्नॉल्ड हा कवी स्वतः शाळा निरीक्षक होता. ही पद्धत शिकवणं यांत्रिक करून टाकते, असं तो वर्षानुवर्षं अहवालांत लिहीत राहिला. तीसेक वर्षांनी साहेबानं ती पद्धत गुंडाळली. तोवर ती मुंबई इलाख्यातही येऊन बसली होती.

इथे मला जोतीराव फुल्यांना साक्षीला बोलवायचं आहे. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते आपण जयंतीला हार घालण्यापुरतं वापरतो. वाचत नाही. त्यात त्यांनी सांगितलं, की निकालावर अनुदान देण्याची पद्धत गरीब, अडाणी रयतेत शिक्षण पसरवायला मुळीच योग्य नाही; जिथे अजून शिकण्याची गोडीच लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर कोणता मास्तर शाळा काढील आणि पोट भरील? त्याच निवेदनात ते प्राथमिक शिक्षकाला किमान बारा रुपये पगार मागतात, मोठ्या गावांत पंधरा ते वीस. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावा म्हणतात, म्हणजे तो त्या लोकांत मिसळेल. आणि पुढे हेही म्हणतात, की जो गावचा मास्तर जास्त मुलं उत्तीर्ण करील त्याला उत्तेजन म्हणून पगाराशिवाय खास भत्ता द्यावा.

यात विसंगती नाही. पोटाला पुरेल असा पगार आधी, निकालाशी न बांधलेला. बक्षीस त्यावर, वेगळं. आपल्या राज्यानं याच्या उलट केलं. २००० मध्ये तीन वर्षं मानधनावर राबणारा शिक्षणसेवक आणला, प्राथमिकला महिना तीन हजार. २०२३ मध्ये ते मानधन सोळा हजार झालं. जो तीन वर्षं उसनवारीवर जगतो त्याच्याकडून उत्पादकता मागणारे लोक फुल्यांचं नाव कोणत्या तोंडानं घेतात, हे मला कळत नाही. (फुल्यांनी मास्तराला गावचा पोस्टमास्तर किंवा मुद्रांकविक्रेता करावं असंही सुचवलं होतं. गावात त्याची प्रतिष्ठा वाढावी म्हणून. त्याला फुकटचा बीएलओ करावं, असं त्यात नाही. कोणी साहेब उद्या हे वाक्य काढून दाखवतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आता तुमच्याकडे वळतो.

प्रोत्साहनपर रकमेनं काही होतच नाही, असं तुमच्या संघटना सांगतात. ते खरं नाही. तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या अखंड आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोन अभ्यासकांनी शेकडो सरकारी शाळांत प्रयोग केला. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. बोनस वार्षिक पगाराच्या सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी तिथली मुलं गणितात आणि भाषेतही इतर शाळांतल्या मुलांपेक्षा पुढे होती. पण बोनस कशावर होता? किती मुलं पास झाली यावर नाही. ती शाळा आधी जिथे होती तिथून मुलं किती पुढे सरकली, यावर. परीक्षा बाहेरच्यांनी घेतली, आणि ज्याला जमलं नाही त्याच्या पगारातून एक पैसा कापला नाही. सरकारला हा प्रयोग दाखवायचा असेल तर त्यानं या अटींसकट दाखवावा. तुम्हालाही तो नाकारायचा असेल तर या अटी वाचून नाकारा.

गैरहजेरीचंही तसंच. २००३ मध्ये देशभर अचानक भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. देशात सरकारी प्राथमिक शाळांतले २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्रात १४.६ टक्के, मोठ्या राज्यांत सर्वांत कमी. हा आकडा तुम्ही अभिमानानं सांगता. सातातला एक गैरहजर, हा अभिमानाचा आकडा आहे? त्यातले कितीजण बैठकीला होते आणि कितीजण घरच्या कामाला, हे वेगळं काढून मागण्याचं धैर्य तुमच्यात का नाही? वेगळं काढलं तर खात्याचं पितळ उघडं पडेल. आपल्यातल्याही काहींचं पडेल, म्हणूनच ना?

मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा दाखला हा तर आपल्या जिल्ह्यातला जुना विनोद आहे. शिक्षक सोलापूर-बार्शीहून दुचाकीवर येतो, दाखला गावाचा. सरकार घराचा पत्ता मोजतं, शिक्षक कागद देतो, ग्रामसभा ठराव देते. सगळे खूश. शिकवण्याचा यात कुठेच संबंध नाही, म्हणूनच ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते.

आणि शिष्यवृत्तीचे फलक! शाळेच्या दारावर लावलेले, गळ्यात हार घातलेल्या पोरांचे. चाळीसांच्या वर्गातून आठ निवडायची, त्यांना सकाळी-संध्याकाळी जादा तास आणि उरलेल्या बत्तिसांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगायचं. रॉबर्ट लोचं इंग्लंड आपण कोणताही कायदा न करता आपल्या शाळांत आणलं. मुलांच्या वाचनाच्या ‘असर’ पाहण्या पाहा. ग्रामीण महाराष्ट्रात तिसरीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. फलकावरची आठ पोरं यात नाहीत, बाकीची आहेत. ती कोणाची?

आपल्या जिल्ह्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण टाळून मी खाली बसलो तर तो भित्रेपणा होईल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे गुरांच्या गोठ्यालगतची एक शाळा जगाला कळली. मग २०२२ मध्ये त्यांच्याच हजेरी आणि रजेवरून चौकशी आणि राजीनाम्याच्या बातम्या आल्या. कोण बरोबर, कोण चूक, यात मी पडत नाही. मला त्या वादात दिसलं ते वेगळंच. परितेवाडीतली किती मुलं जूनमध्ये कुठे होती आणि एप्रिलमध्ये कुठे पोचली, हा प्रश्न कौतुक करणाऱ्यांनी विचारला नाही आणि चौकशी करणाऱ्यांनीही नाही. एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला हजेरीपत्रक. मूल दोन्हींकडे नाही.

मूल कुठून निघतं, ते सोलापूर जिल्ह्याइतकं वेगवेगळं फार थोड्या ठिकाणी असेल. पूर्व भागातलं पोर घरी तेलुगू बोलतं आणि मराठी पहिलीत येऊन बसतं. अक्कलकोटकडे घराघरात कन्नड. राज्यात सगळ्यांत जास्त साखर कारखाने आपल्याकडे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं चार-पाच महिने आपल्या शाळेच्या आसपास असतात. ज्या मास्तरानं अशा पोराला उसाच्या फडातून उचलून आणलं आणि मार्चपर्यंत अक्षरओळख करून दिली, त्याचं ते पोर एप्रिलच्या चाचणीला गावी परतलेलं असतं. हिशेबात त्या मास्तराचं काम शून्य. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या पोरांच्या मागे शाळा कुरणात नेली, कुरणशाळा काढली. आजच्या पोर्टलवर त्या शाळेला इमारतीच्या रकान्यात ‘नाही’ आणि शौचालयाच्या रकान्यात ‘नाही’ लिहून तळाला टाकलं असतं.

मी मागतो आहे ते अवघड नाही. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं वाचन आणि साधं गणित शिक्षकानं स्वतः नोंदवावं. त्यातल्या थोड्या मुलांची पडताळणी शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकानं करावी. टोळीचं मूल आलं त्या दिवशी नोंदवावं आणि गेलं त्या दिवशी पुन्हा. एप्रिलमध्ये गावासमोर, आईबापांसमोर, पोरांनी वाचून दाखवावं. निवडक आठांनी नाही, पटावरच्या सगळ्यांनी. आणि त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरात, जिल्हा परिषदेनं लिहावं: या वर्षी या शाळेच्या शिक्षकांचे किती तास आम्ही बैठका, सर्वेक्षणं आणि माहिती भरण्यासाठी घेतले. पगाराला हात लागणार नाही. पण दोन वर्षं ज्याच्या वर्गातली मुलं जागची हलली नाहीत, त्याच्या वर्गात दुसरा अनुभवी शिक्षक आठवडाभर येऊन बसेल, आणि तेव्हा संघटनेनं मोर्चा काढायचा नाही.

हे मी ठराव म्हणून या मेळाव्यापुढे ठेवतो आहे. दोन्ही भाग एकत्रच. तासांचा भाग घ्यायचा आणि वाचनाचा सोडायचा, किंवा वाचनाचा घ्यायचा आणि तासांचा सोडायचा, असं चालणार नाही. मंजूर झाला तर त्याची प्रत मी स्वतः उद्या जिल्हा परिषदेत नेऊन देईन. ज्याचा विरोध असेल त्यानं आत्ता उठून बोलावं. जेवणाच्या रांगेत नको.